पन्नास

आमच्या घरी 'बरं आहे' याला 'पन्नास' म्हणत. आण्णा पाळीवरून आले की आई विचारायची, "आज कसं?" आणि ओसरीवर चपला काढता काढता आण्णा म्हणायचे, "पन्नास." मग चहा व्हायचा, आमची प्रगतिपुस्तकं पुढे यायची, सही मिळायची. कधी म्हणायचे, "साडेअठ्ठेचाळीस." त्या संध्याकाळी दादा आणि मी मागच्या दाराने पाराकडे सटकायचो.

आण्णा भिवपुरीला टाटाच्या पावर हाऊसात ऑपरेटर होते. भिवपुरी म्हटलं की मुंबईकराला स्टेशन आठवतं, म्हणून आधीच सांगते. भिवपुरी रोड हे स्टेशन नेरळ आणि कर्जतच्या मधे आहे आणि भिवपुरी तिथे नाही. रेल्वेच्या भाषेत 'रोड' म्हणजे 'इथून पुढे तुमचं तुम्ही बघा'. आमचं भिवपुरी कर्जतच्या पूर्वेला, घाटाच्या अगदी पायथ्याशी. इथूनच कुसूर घाटाची जुनी वाट वर मावळात चढते, आणि त्याच कड्यावरून लोखंडी पाईपांमधून पाणी खाली येतं. १९२२ पासून येतंय.

ते पाणी आमचं नव्हे. वर आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे ज्या थेंबाने देहू-आळंदीचे घाट भिजवून, पंढरपुराला वळसा घालून, पार आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जायचं, त्याला इथे कड्यावर पाठ फिरवायला लावली. तो पाचशे मीटरच्या आसपास कोसळतो, पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतो, त्याची वीज होते. मग दमूनभागून पेज नदीत उतरतो, तिथून उल्हासमधे आणि वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात. वाटेत राजनाल्याने शेतात शिरतो. आमच्याकडची उन्हाळी भातं या पाण्यावर उभी राहतात. खाली बदलापूर-कल्याणकडची माणसं हेच पाणी पितात. पेज नदीला पेज हे नाव कुणी दिलं ठाऊक नाही, पण टाटाच्या पाण्याने ती बारमाही झाली आणि पुष्कळ घरांची पेज तिच्यावर शिजते, एवढं खरं.

लहानपणी एकदा आण्णांनी मला पाईपाला कान लावायला दिला होता. मार्च महिना, लोखंड बाहेरून तापलेलं असणार या भीतीने मी कान लांबच धरला. "लाव," म्हणाले. लावला तर गार. आणि आतून आवाज असा नव्हेच, दातांना जाणवेल अशी थरथर. किती तरी वेळ मी तशीच उभी होते. "काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काहीच म्हणत नाही, नुसतं येतंय." हे उत्तर त्यांना इतकं आवडलं, की पुढे पाहुण्यारावळ्यांना सांगत सुटले आणि मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

पन्नास म्हणजे काय ते मला सहावी-सातवीत कळलं. वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते. एका जाळ्यात जोडलेली जेवढी जनित्रं, तेवढी सगळी त्याच ठेक्यात फिरतात. आण्णा म्हणायचे, "ग्रिड म्हणजे दिंडी. पुढचा मृदंगी आणि मागचा टाळकरी एकमेकांना दिसत नाहीत, पण पावली एक." नागपुरात कुणी पंखा लावला की त्याचा भार भिवपुरीच्या चाकालाही जाणवतो. केसभर, केसाच्या हजाराव्या भागाएवढा, पण जाणवतो. सगळ्यांनी एकदम पंखे लावले आणि ओढायला बळ अपुरं पडलं की दिंडीच मंदावते. काटा पन्नासच्या खाली येतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तो वरचेवर एकोणपन्नासच्याही खाली असायचा, आणि आण्णा चिडके असायचे. देशाची विजेची टंचाई आमच्या घरी अशी चपला काढताना यायची.

आज हा देश एकाच ठेक्यात आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ के.व्ही.ची लाईन चालू झाली, आणि तोवर वेगळं फिरणारं दक्षिणेचं जाळं उरलेल्या भारताशी जुळलं. आण्णा निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला मी फोन केला तर म्हणाले, "सोलापुरात सांधा बसला." मला वाटलं कुणा नातेवाइकाच्या गुडघ्याचं चाललंय.

दादा अमेरिकेत गेला. न्यू जर्सीत, एडिसन नावाच्या गावात. ज्या एडिसनने एकदिश विजेचा हट्ट धरला आणि प्रत्यावर्ती विजेपुढे हार खाल्ली, त्याच्या नावाच्या गावात आपला मुलगा राहतो, याची आण्णांना सारखी गंमत वाटे. पहिल्या खेपेला दादाने तिथल्या कुणाच्या तरी गराजमधल्या जुन्या सामानातून दोन डॉलरला घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ आणलं. मळकट पिवळं, सेल नाही, चावी नाही, सरळ प्लगला जोडायचं. कर्जतहून एकशे दहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला आणि घड्याळ स्वयंपाकघरात लावलं. तासाभरात ते दहा मिनिटं मागे पडलं. पुढच्या तासाला आणखी दहा. दादा ओशाळला, दोन डॉलरमधे असंच मिळायचं, म्हणाला.

आण्णा मात्र हरखले. तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाले, "बिघडलेलं नाहीये रे! ते साठ मोजायला शिकलंय. तुमच्याकडे वीज साठ ठोक्यांची. आपले पन्नास मोजून त्याला वाटतं अजून सेकंद भरलाच नाही." मग कागद घेतला. तासाला दहा मिनिटं, दिवसाला चार तास, तीन दिवसांत बारा तास. म्हणजे लाईट न गेली तर दर तीन दिवसांनी हे घड्याळ एकदा अगदी बरोबर वेळ दाखवणार! आईला म्हणाले, "काढायचं नाही इथून." आई म्हणाली, "भाजी करपली की मी याच्याकडे बघू का?"

त्यानंतर जगाकडे बघायचं म्हटलं की मला ते घड्याळ आठवतं. मानवजात एक होणार, सगळ्यांचं मिळून एक मन होणार, असं लिहिणाऱ्यांची जगात कमतरता नाही. तरुणपणी मीही ते भारावून वाचलं. पण लिहिणाऱ्याच्या कल्पनेतलं ते एक मन बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्याच ठोक्यावर चालत असतं. साठवाल्याला पन्नासवाला मंद वाटतो. जपानसारख्या एवढ्याशा देशात तर दोन्ही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन यंत्रं आणली, ओसाकाने अमेरिकन. पूर्व जपान पन्नासवर राहिला आणि पश्चिम साठवर. २०११ च्या मार्चमधे त्सुनामी आली, पूर्वेची वीजकेंद्रं बंद पडली, तेव्हा पश्चिमेला वीज होती, द्यायची इच्छाही होती, पण ठोका जुळवून देणारी केंद्रं इतकी तोकडी की थेंबथेंबच देता आली. एक देश, एक भाषा, एक दुःख, आणि तरी.

यावर उपाय आहे, आणि तो आमच्या महाराष्ट्रातच आण्णांनी मला दाखवला. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला एक केंद्र आहे. सोलापूरचा सांधा बसण्याच्या कितीतरी आधीपासून ते पश्चिमेची वीज एकदिश करून, पुन्हा हेलकावे देऊन दक्षिणेला पोचवत होतं, आणि तिकडची इकडे. दोन्ही बाजूंनी आपापला ठेका ठेवायचा, मधल्या खोलीत हात मिळवायचा. "शेवटी तुझ्या गावचा एडिसन उपयोगी पडला," असं आण्णांनी दादाला मुद्दाम कळवलं होतं. मला विचाराल तर एका तालातल्या जगापेक्षा ही मधली खोली जास्त माणसाळलेली वाटते. आण्णांना ती पटत नसे. ते दिंडीवाले होते.

आण्णांच्या खोलीत एकच तसबीर होती, भाई कोतवालांची. माथेरानचा हा वकील. १९४२ मधे याच्या आझाद दस्त्याने मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी भाई आणि हिराजी पाटील गेले. ज्या तारांवर आमचं घर चाललं, त्या तारा तोडणाऱ्याची तसबीर! मी एकदा विचारलं. आण्णा म्हणाले, "तारेतून काय जातंय ते त्याला कळत होतं. मी नुसतं काट्याकडे बघतो." यापलीकडे ते बोलले नाहीत. मुळशीला १९२१ मधे धरणाविरुद्ध शेतकऱ्यांना घेऊन उभे राहिलेले सेनापती बापटही त्यांना तोंडपाठ होते. कुणाचं शेत बुडतं तेव्हा कुणाचा दिवा लागतो, हे त्या पिढीच्या कामगारांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. शाळा सुटताना पोरं पसायदान म्हणायची. १२९० मधे नेवाशाला एका विशीही न गाठलेल्या मुलाने ग्रंथ पुरा केला आणि बक्षीस मागितलं ते स्वतःसाठी नाही, गावासाठी नाही, मराठीसाठीही नाही. अख्ख्या जगासाठी. त्यातही क्रम बघण्यासारखा आहे. आधी दुष्टांचा वाकडेपणा जावा. दुष्ट जावेत असं नव्हे. मग सगळ्या जीवांची मैत्री. आणि मग कुठे ज्याला जे हवं ते मिळो. अर्थ सांगताना मी इथवर आले की एकदा कातकरवाडीतला एक मुलगा उभा राहिला. दिवाळीनंतर हा वीटभट्टीवर जायचा आणि आखाडातच उगवायचा. "बाई, सगल्यांना म्हंजी आमाला पन?" मी हो म्हटलं. त्याने मागे वळून खिडकीतून बघितलं. शाळेच्या मागून मोठी लाईन गेली आहे, मनोऱ्यावरून मनोऱ्यावर, मुंबईकडे. त्याच्या वाडीत तेव्हा खांब उभे होते, तारा यायच्या होत्या. तो काही बोलला नाही, खाली बसला. मी पुढचा धडा काढला. या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होतील. त्या वाडीत वीज आली, पोरगा कुठल्या भट्टीवर आहे ठाऊक नाही.

पसायदान जगाला नेऊन भिडवणारा माणूस आमच्याच जिल्ह्यातला, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. विनोबांचा जन्म तिथे १८९५ चा. 'जय हिंद'च्या भरात असलेल्या देशात ते 'जय जगत' म्हणू लागले, आणि ते कुठे, तर पायी हिंडताना, धुळीत, जमीन मागत. त्यांच्या हिशेबात खरी ठिकाणं दोनच, गाव आणि जग; मधले प्रांत आणि राष्ट्रं हळूहळू पातळ होत जाणार. आणि विज्ञान व अध्यात्म यांची जोडी जमली तरच माणूस टिकणार. विनोबा चुकले असंही म्हणता येईल. प्रांत-राष्ट्रं पातळ होण्याऐवजी घट्टच झाली. पण 'जय जगत' म्हणणाऱ्याने आधी पायात गोळे येईस्तोवर चालावं, ही अट मला फार आवडते. त्याच घोषणेच्या नावाने राजगोपाल पी.व्ही. आणि त्यांचे साथी २ ऑक्टोबर २०१९ ला दिल्लीहून जिनिव्हाला पायी निघाले होते. आर्मेनियापर्यंत पोचले आणि मार्च २०२० मधे विषाणूने त्यांना थांबवलं. जग पायी जोडायला निघालेल्यांना जग आधीच किती जोडलेलं आहे, ते असं कळावं!

त्या वर्षीच्या ५ एप्रिलची रात्र मला लख्ख आठवते. पंतप्रधानांच्या आवाहनानुसार रात्री नऊला नऊ मिनिटं सगळ्यांनी घरातले दिवे मालवायचे होते. आण्णा अठ्ठ्याहत्तरीचे. चार वाजल्यापासून येरझाऱ्या. "दिवे फक्त. फ्रिज बंद करायचा नाही, पंखा बंद करायचा नाही," आळीत फोन करकरून सांगत होते. दिंडीतले अर्धे लोक एकदम खेचायचे थांबले तर उरलेले तोंडावर आपटतात, ही त्यांची धास्ती. पावणेनऊला स्वयंपाकघरात खुर्ची टाकून त्या पिवळ्या घड्याळासमोर बसले. मी म्हटलं, "त्यात काय दिसणार?" "काही नाही. ठोके चढले तर फार तर दोन-तीन सेकंद पुढे जाईल. तरी बघतो." आम्ही पणती लावली. बाहेर आळी अंधारली, मार्चातल्यासारख्या थाळ्या नव्हत्या त्या दिवशी, कुठेतरी एक फटाका. अंधारात घड्याळाचा सेकंदकाटा दिसतही नव्हता, मी पणती वर धरली. नऊ वाजून नऊ मिनिटांनी आळीत दिवे आले. आण्णांनी घाम पुसला आणि म्हणाले, "पन्नास."

पुढे आकडे छापून आले. काही मिनिटांत देशाची मागणी एकतीस-बत्तीस हजार मेगावॅटने उतरली होती आणि पुन्हा चढली होती. देशभरच्या पाण्याच्या वीजकेंद्रांनी तो उतार-चढाव अंगावर घेतला, काटा ४९.७ ते ५०.२६ च्या मधे राहिला. कात्रण अजून आहे. त्याच ऑक्टोबरच्या १२ तारखेला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा खोपोली, भिवपुरी, भिरा इथल्या पाण्याच्या यंत्रांना हाक गेली. कोळशाच्या संचाला जागं व्हायला तास लागतात, पाण्याला मिनिटं. त्या दिवशी आण्णा दिवसभर ताठ मानेने हिंडले, जणू झडपा यांनीच उघडल्या.

पावर हाऊसला शंभर वर्षं झाली त्याच साली, २०२२ मधे, आण्णा गेले.

पुढच्या पावसाळ्यात, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी दरडीखाली गेली. इरशाळगडाच्या खांद्यावरची ठाकरांची वाडी. खाली मोरबे धरण, ज्याचं पाणी नवी मुंबई पिते. वर रस्ता नव्हता. यंत्रं चढली नाहीत, माणसं चढली, पावसात, चिखलात, फावडी घेऊन. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत, चौथ्या दिवशी शोध थांबवला. आधाराला धावलेल्यांतला नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी ती चढण चढतानाच हृदय बंद पडून गेला. त्या रात्री पाऊस आमच्याकडेही तसाच कोसळत होता. सकाळी बातमी कळली तेव्हा मी सवयीने आण्णांच्या भाषेत विचार करून गेले. डोंगराचा तो भार किती वर्षं वाडीवर होता आणि खाली कुणाच्याही काट्यावर दिसला नाही. दिसला तेव्हा एका परक्या माणसाच्या छातीवर.

आता आमच्या भिवपुरीत नवं बोलणं आहे. २०२३ मधे करार झाला, इथे हजार मेगावॅटचा पाणी वर चढवणारा प्रकल्प व्हायचाय. दिवसा उन्हाची वीज जास्त झाली की तिने पाणी घाटावर चढवायचं, रात्री लागेल तेव्हा खाली सोडायचं. पारावरच्या म्हाताऱ्यांना हे पटत नाही. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, हे सांगत त्यांचं आयुष्य गेलं, आणि आता तेच व्हायचंय. त्याहून मोठी स्वप्नंही आहेत. २०२१ मधे ग्लासगोच्या हवामान परिषदेत सगळ्या जगाची वीज एका जाळ्यात गुंफायची घोषणा झाली. पृथ्वीवर कुठे ना कुठे ऊन असतंच; मग इकडच्या रात्रीला तिकडचा दिवस का पुरू नये? दादाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे एडिसनचं ऊन भिवपुरीत?" मी म्हटलं, "ठोका कुणाचा, ते आधी ठरवा." तो हसला. तिकडे सकाळचे साडेअकरा वाजले होते, इकडे रात्रीचे नऊ.

नऊ वाजता मी मुद्दाम फोन करते. ते घड्याळ मी काढलेलं नाही. रविवारी रात्री नऊला मिळवून ठेवायचं. लाईट गेली नाही तर बुधवारी रात्री नऊला त्याने बरोबर नऊ दाखवायला हवेत. लाईट गेली की ते थांबतं आणि आली की मुकाट्याने पुन्हा चालू लागतं. पावर हाऊसच्या पायथ्याशी राहूनही पावसाळ्यात असा बुधवार क्वचितच लाभतो. पण गेल्या आठवड्यात आभाळ मोकळं होतं, वारा नव्हता, आणि मला खात्री होती. बुधवारी नऊला दादाला फोनवर थांबवून मी स्वयंपाकघरात गेले. घड्याळ आठ पन्नास दाखवत होतं.

हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या केला, आण्णांसारखा. दहा मिनिटांचा फरक म्हणजे लाईट एकूण बारा मिनिटं गेली होती. तीन दिवस मी घरातच होते. कुठली बारा मिनिटं, ते मला आठवेना.